जेट स्कीच्या पेट्रोल टाकीचा व्हेंट व्हॉल्व्ह: काम कसं चालतं, तपासायचा कसा, बदलायचा कसा

जेट स्की पाण्यात उतरवली की सुरुवातीला मस्त पळते. मग पूर्ण थ्रॉटलवर अचानक दम तोडते. दोन-चार मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केली की जणू काही झालंच नाही अशी चालते, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच तमाशा. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्पार्क प्लगकडे जातो, मग फिल्टरकडे, मग पेट्रोल पंपाकडे. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! टाकीच्या हवेच्या नळीत, म्हणजे व्हेंटमध्ये, बसवलेला अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह आठवतो तो सगळे पार्ट बदलून झाल्यावर.

हा व्हॉल्व्ह स्वस्त आणि साधा असतो, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. पण तो तपासण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. ‘व्हेंट खराब झाला’ एवढं निदान पुरेसं नाही. तो कोणत्या दिशेला खराब झाला, हे कळायला हवं. हवा आत यायची थांबली तर इंजिन उपाशी राहतं. पेट्रोल बाहेर जायचं थांबत नसेल तर हलमध्ये, म्हणजे मशीनच्या पोकळ अंगात, आगीचं सामान जमतं. दोन्हींची लक्षणं वेगळी, धोके वेगळे.

टाकीला हवा लागतेच कशाला

टाकीतून जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढीच हवा आत यावी लागते. पाण्याची पातळ प्लॅस्टिक बाटली तोंडाला गच्च लावून हवा न सोडता पीत राहिलं की ती चिमते आणि शेवटी पाणी यायचं थांबतं, तेच इथे घडतं.

आकड्यांत पाहू. बसून चालवायच्या मोठ्या जेट स्कीची टाकी साधारण ६० ते ७० लिटरची असते. जोरकस इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला ६० लिटर पेट्रोल सहज पितं, म्हणजे मिनिटाला एक लिटर. टाकी जवळपास भरलेली आहे आणि वर फक्त ५ लिटर हवेची जागा आहे असं धरा. हवेचा मार्ग पूर्ण बंद असेल तर अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर पेट्रोल जाईल आणि ५ लिटर हवेला साडेपाच लिटर जागा व्यापावी लागेल. दाब ढोबळमानाने ९ टक्क्यांनी उतरेल. तेवढा कमी दाब म्हणजे पंपाला पेट्रोल आणखी मीटरभर उंच ओढायला लावण्यासारखं आहे. प्रत्यक्षात पेट्रोलची वाफ ही पोकळी थोडी भरून काढते, टाकीच्या भिंतीही आत दबतात, त्यामुळे हिशोब इतका काटेकोर राहत नाही. पण दिशा हीच.

हीच टाकी अर्धी रिकामी असेल तर वर ३० लिटर हवा असते. तेवढाच दाब उतरायला आता ३ लिटर पेट्रोल जावं लागतं. म्हणून व्हेंट तुंबलेली मशीन टाकी भरल्यावर लवकर अडखळते आणि टाकी उतरली की बरी चालते. फिल्टर तुंबला असेल तर टाकी किती भरली आहे याने असा फरक पडत नाही. निदान करताना हा धागा फार उपयोगी पडतो, आणि तो फुकट मिळतो.

जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मशीनमध्ये इंजिनच्या क्रँककेसमधल्या (तळाच्या पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर चालणारा डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडद्याचा, पंप असतो. त्याची ओढ मुळातच कमी. टाकीत पोकळी झाली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन ‘लीन’ चालतं, पिस्टन तापतो आणि सीज होऊ शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट धरून बसतो. फ्युएल इंजेक्शनच्या मशीनमध्ये पंप टाकीतच बुडालेला असतो आणि रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, ३ ते ४ बारच्या आसपास दाब देतो. तो लगेच हार मानत नाही. पण कमी दाबाखाली पेट्रोल लवकर उकळतं, पंपाच्या तोंडाशी वाफेचे बुडबुडे होतात, आणि गरम दिवसात मशीन खोकायला लागते.

मग नुसतं उघडं भोक का नको?

घोडं नेमकं इथेच पेंड खातं. गवत कापायच्या मशीनच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक पाडलं की काम भागतं. जेट स्की मात्र उलटते. उभं राहून चालवायच्या मशीन तर दिवसातून कितीतरी वेळा आडव्या होतात. उघड्या भोकातून पेट्रोल पाण्यात जाईल, नाहीतर पाणी टाकीत येईल. शिवाय टाकी बंद हलच्या पोटात, बॅटरी आणि स्टार्टरच्या शेजारी बसलेली असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती उडून जात नाही, हलच्या तळाशी साचून बसते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एक ठिणगी पुरते.

म्हणून व्हेंटच्या नळीत व्हॉल्व्ह बसवतात. कंपनी आणि मॉडेलप्रमाणे रचना बदलते, तरी मूळ प्रकार तीनच.

पहिला वन-वे किंवा चेक व्हॉल्व्ह. हवा टाकीकडे जाऊ देतो, उलट काही येऊ देत नाही. आत रबराचं पातळ पान, बदकाच्या चोचीसारखे दोन ओठ किंवा हलकी गोळी असते. अंगावर बाण कोरलेला असतो. कावासाकीच्या अनेक मशीनमध्ये हाच असतो आणि तिथे बाण टाकीकडे तोंड करून बसवायचा असतो.

दुसरा रोलओव्हर व्हॉल्व्ह. सरळ उभा असताना हवा दोन्हीकडे जाते. मशीन उलटली की आतली गोळी घसरून तोंड बंद करते. यामाहाच्या वेव्हरनरमध्ये हा हमखास भेटतो. तो गुरुत्वाकर्षणावर चालतो, त्यामुळे उभाच बसायला हवा. क्लिपमधून निसटून आडवा लोंबकळणारा रोलओव्हर व्हॉल्व्ह नवाकोरा असला तरी निकामीच.

तिसरा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. टाकीतला दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो स्प्रिंगविरुद्ध उघडतो आणि थोडी वाफ सोडतो. ही मर्यादा बऱ्याच मशीनवर एक पीएसआयच्या, म्हणजे साधारण ७ किलोपास्कलच्या आसपास असते. काहींची जास्त असते. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. सी-डू या ब्रँडच्या जुन्या मशीनवर आत येणाऱ्या हवेचा चेक व्हॉल्व्ह आणि बाहेर जाणाऱ्या दाबाचा रिलीफ व्हॉल्व्ह वेगवेगळे दिसतात. नव्या मशीनवर दोन-तीन कामं एकाच तुकड्यात कोंबलेली असतात.

टाकीत थोडा दाब राहू देणं हा दोष समजू नका. वाफ बाहेर जाऊ नये म्हणून ते मुद्दाम केलेलं असतं. अमेरिकेत ईपीए या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये काढलेल्या नियमांनी तर टाकी आणि नळ्यांतून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवरच मर्यादा घातली, आणि जेट स्कीही त्यात आल्या. त्यामुळे उन्हात उभ्या मशीनचं झाकण उघडताना फुस्स झालं तर घाबरायचं कारण नाही. आवाज कधी येतो आणि हवा कोणत्या दिशेला जाते, हे महत्त्वाचं.

काहीही उघडण्याआधी ऐका आणि पाहा

मशीन काठाजवळ, शांत पाण्यात, पूर्ण थ्रॉटलवर चालवून ती अडखळायला लागली की इंजिन बंद करा. किल्ली किंवा लॅनयार्ड (चालकाला बांधलेली, सुटली की इंजिन बंद करणारी दोरी) काढा. मग झाकण हळूहळू, एकेक आटा सोडत उघडा आणि कान द्या.

हवा आत ओढली जात असल्याचा आवाज आला आणि झाकण लावून पुन्हा सुरू केल्यावर मशीन पहिल्यासारखी पळाली, तर हवेचा मार्ग तुंबला आहे. सीटखालून टाकी दिसत असेल तर तिच्या भिंती आत दबलेल्या दिसतील. झाकण उघडताच ‘टक’ असा आवाज करून त्या बाहेर येतात.

आवाज काहीच आला नाही आणि मशीन तशीच अडखळत राहिली, तर व्हेंट बहुधा निर्दोष आहे. फिल्टर, पंप, नाहीतर मशीनला पुढे ढकलणाऱ्या जेट पंपाच्या जाळीत अडकलेलं गवत बघा.

हवा जोरात बाहेर आली, टाकी फुगलेली होती, पेट्रोल उसळलं, तर दाब सुटत नाही. इथे एक खाच आहे. काही जुन्या मशीनवर फक्त आत हवा घेणारा चेक व्हॉल्व्ह असतो, वेगळा रिलीफ नसतोच. तिथे उन्हात दाब साठणं रचनेतच आहे. मॅन्युअलमध्ये रिलीफ व्हॉल्व्ह दाखवला असेल आणि तरीही टाकी ढोलासारखी ताठ होत असेल, तरच तो बिघाड. कार्ब्युरेटरची पेट्रोल अडवणारी सुई आणि ती टेकते ती बैठक झिजलेली असेल तर असा दाब उभ्या मशीनमध्ये पेट्रोल इंजिनात ढकलतो.

आणि चौथी शक्यता: आवाजबिवाज काही नाही, पण सीट काढली की पेट्रोलचा वास येतो, किंवा व्हेंटच्या बाहेरच्या तोंडाखाली ओल दिसते. व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा नळी चिरली आहे. या अवस्थेत इंजिन सुरू करायचं नाही. बाकीच्या तिन्ही प्रकारांत एक फेरी मारून बघू म्हणायला जागा आहे, इथे नाही.

झाकण सैल ठेवून चालवत राहण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. चाचणी म्हणून एकदा बंद इंजिनवर झाकण उघडणं ठीक. सैल झाकणाने मशीन पळवणं म्हणजे पहिल्याच पलटीला टाकीत पाणी.

तपासणी, पायरीपायरीने

मशीन पाण्याबाहेर, मोकळ्या हवेत घ्या. सीट आणि पुढचं झाकण काढून हल निदान १५-२० मिनिटं उघडी ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जवळ पेट्रोलच्या आगीवर चालणारं अग्निशामक असावं. पाण्याची बादली इथे उपयोगाची नाही. टाकीतला दाब झाकण सोडून घालवा आणि झाकण पुन्हा लावा.

आता व्हेंटची नळी शोधा. पेट्रोलच्या टाकीवर अनेक नळ्या असतात. इंजेक्शनच्या मशीनवर रेलकडे जाणारी नळी जाड आणि घट्ट बसवलेली असते आणि तिच्यात भरपूर दाब असतो, तिला हात लावू नका. जुन्या मशीनवर मुख्य, रिझर्व्ह आणि परतीची अशा नळ्या असतात. व्हेंटची नळी टाकीच्या अगदी वरच्या भागातून निघते, इंजिनकडे न जाता वर चढते, व्हॉल्व्हमधून जाते आणि हलच्या बाजूला किंवा हँडलबारच्या खाली कुठेतरी बाहेर उघडते. बोटाने टाकीपासून टोकापर्यंत तिचा माग काढा. निम्मे दोष याच टप्प्यावर सापडतात: सामान ठेवायच्या ट्रेखाली दबलेली नळी, वळणावर मोडलेली नळी, क्लिपमधून सुटून इंजिनच्या गरम भागाला टेकलेली नळी.

बाहेरचं तोंड नीट बघा. मीठ साचून पांढरा खडा झालेला असतो, वाळू असते, पॉलिश करताना मेण भरलेलं असतं. मशीन बरेच महिने उभी असेल तर कुंभारमाशीचं मातीचं घरटं किंवा कोळ्याचं जाळंही सापडतं. लाकडी काडीने अलगद काढा. टाकीला जोडलेल्या नळीत कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका, घाण आत जाईल आणि टाकीचा जोड फुटेल. आधी नळी सोडवा.

व्हॉल्व्ह काढण्यापूर्वी फोटो काढा आणि टाकीकडच्या बाजूला टेपची खूण करा. पुढे चूक होण्याची सगळ्यात जास्त शक्यता इथेच असते, कारण काढलेल्या व्हॉल्व्हवरचा बाण घाण आणि उन्हाने पुसट झालेला असतो. नळी ओढून निघत नसेल तर हिसका देऊ नका. थोडी पिळून चिकटलेला भाग मोकळा करा. तरीही नाही निघाली तर नळी लांबीत चिरा आणि नवी घाला. प्लॅस्टिकचं टोक मोडण्यापेक्षा ते परवडलं.

व्हॉल्व्ह वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. तोंडाने फुंकून तपासायची पद्धत सर्रास आहे, पण पेट्रोल तोंडात जाणं चांगलं नाही. त्यापेक्षा ५० किंवा ६० मिलीची मोठी सिरिंज आणि घट्ट बसणारा स्वच्छ नळीचा वीतभर तुकडा घ्या.

चेक व्हॉल्व्ह असेल तर हवेच्या बाजूने सिरिंज दाबा. दट्ट्या जवळजवळ विनासायास पुढे जायला हवा. आता टाकीच्या बाजूने दाबा. दट्ट्या थोडा दबून अडायला हवा आणि सोडल्यावर मागे यायला हवा. दाबून धरून दहापर्यंत मोजा. दट्ट्या हळूहळू पुढे सरकत असेल तर रबर नीट बसत नाही. एक बारकावा: काही व्हॉल्व्ह जोराच्या हवेला उघडतात पण हळू हवेला चिकटून राहतात. म्हणून पहिला ढकल अगदी सावकाश द्या. दट्ट्या अडून एकदम ‘फट’ करून सुटत असेल, तर रबराचे ओठ पेट्रोलच्या चिकट थराने चिकटलेले आहेत.

रोलओव्हर व्हॉल्व्ह उभा धरून दोन्ही बाजूंनी दाबा, हवा जायला हवी. मग उलटा करून टाकीच्या बाजूने दाबा, हवा अडायला हवी. हलवला की आतली गोळी खुळखुळते. आवाज बसका असेल तर आत पेट्रोल वाळून गोंद झाला आहे.

रिलीफ व्हॉल्व्हला सिरिंजवर आकडा कळत नाही. दाब दाखवणारा हातपंप लागतो. टाकीच्या बाजूला जोडून हळूहळू दाब वाढवा. काटा मॅन्युअलमधल्या मर्यादेत पोचल्यावर व्हॉल्व्ह उघडायला हवा, आणि दाब उतरल्यावर पुन्हा मिटायला हवा. उघडतो पण मिटत नाही, असा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा गंजलेल्या स्प्रिंगचा असतो. आपटल्यावर तपकिरी भुकटी पडली तर पुढे तपासायची गरजच नाही.

धुवायचा की बदलायचा

नुसतं मीठ किंवा धूळ असेल तर कोमट साबणपाण्यात धुवा, स्वच्छ पाण्याने खंगाळा, पूर्ण वाळवा आणि पुन्हा तीच चाचणी करा. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा आत मारू नका, त्याने रबर फुगतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला आधीच नरम करत असतं, त्यात ही भर नको. चिकटलेला, फुगलेला किंवा गंजलेला व्हॉल्व्ह मात्र बदलाच. या भागाची डागडुजी करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. वाचणारे पैसे आणि सीज झालेल्या इंजिनाचा खर्च यांची तुलनाच होत नाही.

व्हॉल्व्ह आपल्या मॉडेलच्या पार्ट नंबरप्रमाणे घ्या. नळीचा आतला व्यास जुळला म्हणजे व्हॉल्व्ह जुळला असं नाही. रिलीफची मर्यादा वेगळी असू शकते. व्हॉल्व्ह काढून नळी सरळ जोडायची ‘युक्ती’ सांगणारे भेटतील. मशीन सुरेख चालेलही, पहिल्यांदा उलटेपर्यंत.

नळी बोटींच्या पेट्रोलसाठी बनवलेलीच हवी. एसएई जे१५२७ हा शिक्का बघा. पारदर्शक पीव्हीसीची नळी स्वस्त पडते पण पेट्रोलने कडक, पिवळी होऊन तडकते. नळी जरा लांब ठेवून वळण मोठं घ्या. पकड स्प्रिंगच्या स्टेनलेस क्लिपची असावी. स्क्रूचा क्लॅम्प जास्त आवळला की व्हॉल्व्हचं प्लॅस्टिकचं टोक बारीक चिरतं आणि ती चीर दिसत नाही, फक्त वास येतो. चेक व्हॉल्व्हचा बाण मॅन्युअलप्रमाणे, रोलओव्हर सरळ उभा, आणि तोही मूळच्याच उंचीवर, टाकीच्या वर.

जोडल्यानंतर

बॅटरी जोडण्याआधी सगळे जोड डोळ्याने आणि नाकाने तपासा. मग सीट न लावता थोडा वेळ थांबा, पुन्हा वास घ्या. पाण्यात आधी सावकाश चालवा, नंतर काही मिनिटं पूर्ण थ्रॉटल द्या, इंजिन बंद करा आणि झाकण हळू उघडा. आत ओढणारी हवा नको. टाकी जवळपास भरलेली असताना ही चाचणी घ्या, म्हणजे चुकून राहिलेला दोष लगेच उघडा पडेल.

मशीन उलटली तर मागच्या बाजूच्या स्टिकरवर दाखवलेल्या दिशेनेच सरळ करायची असते. उलट दिशेने फिरवली तर इंजिनात पाणी जाऊ शकतं. सरळ झाल्यावर लगेच स्टार्टर न मारता सीट काढून वास घेणं शहाणपणाचं.

पेट्रोल भरताना चेक व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडत नाही, म्हणून टाकीतली हवा भरायच्या तोंडातूनच वर येते. जोरात भरलं की पेट्रोल उडतं. सावकाश भरा आणि तोंडाच्या गळ्यापर्यंत भरू नका. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण हजारात एक भाग प्रसरण पावतं. थंडगार पेट्रोलने ६० लिटरची टाकी काठोकाठ भरली आणि ते २० अंशांनी तापलं तर सव्वा लिटरच्या आसपास जागा जास्त लागते. ती मिळाली नाही तर रिलीफ व्हॉल्व्हमधून वाफेऐवजी पेट्रोलच बाहेर येतं, आणि दोष व्हॉल्व्हला जातो. मशीन ट्रेलरवर उतारावर उभी असेल तर हे आणखी लवकर घडतं.

टू-स्ट्रोक मशीन असेल तर याच बैठकीत ऑइलच्या टाकीचा व्हेंटही तपासा. त्या टाकीलाही अनेकदा तसाच छोटा चेक व्हॉल्व्ह असतो आणि तो तुंबला की ऑइल पंपाला ऑइल कमी पडतं. पेट्रोल कमी पडलं तर मशीन निदान अडखळून सांगते. ऑइल कमी पडलं तर ती शेवटपर्यंत छान पळते आणि मग पिस्टन धरतो. दोन्ही व्हॉल्व्ह दिसायला सारखे असतात, तेव्हा ते एका वेळी एकच काढा आणि नळ्यांना दोन वेगळ्या रंगांचे टाय बांधून ठेवा.